उदगीरची गाडी

“चहा नंतर. आधी त्या फळ्याकडं बघा,” सोनवणेसाहेब म्हणाले, आणि खुर्ची मागं रेटून त्यांनी पाय लांब केले. “यार्डात आत्ता ज्या गाड्या उभ्या आहेत त्या डाव्या बाजूला. कुठं कुठं माल पाठवायचाय ते उजव्या बाजूला. दुपारच्या आत सगळी सळई बाहेर पडली पाहिजे. सांगा, कोणती गाडी कुठं?”

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका सळईच्या कारखान्याचं ते गोदाम. कंपनीचं नाव घेत नाही. मालवाहतुकीच्या नियोजनासाठी त्यांना माणूस हवा होता आणि मला नोकरी. सेलूला ज्या सरकीच्या डेपोत मी हेच काम करायचो, तो बंद पडून दिवाळी उलटली होती. माझी इंदू सातव्या महिन्यात माहेरी परतूरला गेली होती. जाताना सासरे मला ओसरीवर सगळ्यांदेखत म्हणाले होते, “जावईबापू, नोकरी लागली की न्यायला या. तोवर तुम्ही तुमच्या भजन-कीर्तनात ऱ्हावा सुखानं.”

कीर्तनाचा टोमणा मला लागला नाही. लागला तो ‘तोवर’. सासऱ्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. बाळंतपण होऊन मूल रांगायला लागलं असतं, तरी त्यांनी लेकीला बिनकामाच्या नवऱ्याकडं धाडलं नसतं.

म्हणून मी फळ्याकडं असं बघितलं, जसं एखादा देवाकडं बघतो.

गणित तसं अवघड नव्हतं. एक गाडी बीदरहून भंगार घेऊन आली होती, रिकामी होऊन उभी होती आणि परत त्याच बाजूला जाणार होती. उजवीकडं उदगीरचा माल होता. उदगीर तिच्या वाटेवरच. इथली गाडी उदगीरला पाठवली तर ती येताना रिकामी येणार.

“साहेब, बीदरची गाडी उदगीरला. बाकी इथल्या गाड्या जवळच्या मालाला, म्हणजे संध्याकाळी परत येऊन उद्या पुन्हा भरता येतील.” मग मी विचारलं, “पण यार्डात काही रांग-बिंग, युनियन-बिंग आहे का? डेपोत आमच्याकडं नव्हतं. कुठं कुठं असतं.”

“ते माझ्याकडं सोपवा,” साहेब हसले. “मी डोकं बघतोय तुमचं. डोकं चांगलं आहे.”

त्यांनी टेबलावरचा माईक पुढं ओढला. बाहेर खांबावरचा भोंगा आधी खरखरला.

“बीदरची गाडी वजनकाट्यावर लावा. उदगीर भरायचंय. बीदरची गाडी, उदगीर.” मग माझ्याकडं बघून त्यांनी डोळा मिचकावला. “हा प्लॅन आपल्या नव्या प्लॅनरसाहेबांचा आहे. दामोदर लहानेसाहेब.”

आपलं नाव भोंग्यावरून ऐकायचा माझा तो पहिलाच प्रसंग. खोटं कशाला बोलू, अंगावर मूठभर मांस चढलं. इंदूला सांगायची वाक्यं मी मनात जुळवायला लागलो.

ऑफिस वरच्या मजल्यावर होतं. खिडकीतून यार्ड दिसायचं. बीदरच्या गाडीतून एक काळासावळा, शिडशिडीत माणूस टुणकन खाली उतरला आणि त्यानं वर बघून हात जोडले. भाडं मिळाल्याचा आनंद त्याच्या साऱ्या अंगात होता. गाडी त्यानं लगेच काट्याकडं वळवली.

आणि भिंतीला लागून उभ्या असलेल्या गाड्यांचे दरवाजे एकामागून एक उघडायला लागले.

“हे काय?” मी विचारलं.

“इथं नंबर असतो,” साहेब शांतपणे म्हणाले. “जी गाडी आधी लागली ती आधी भरायची, आणि लांबचं भाडं पहिल्या नंबराला. बाहेरच्या गाडीनं इथून भरायचंच नाही. आसाराम टकलेचा कायदा आहे. तो बघा, डोक्याला पिवळा गमजा. जा, खाली जाऊन समजावून सांगा त्याला.”

“मी?”

“मग कोण? प्लॅन तुमचा. प्लॅनरला यार्डात उतरता आलं पाहिजे. हा दुसरा प्रश्न समजा.”

मला तेव्हा राग यायला हवा होता. पण नोकरी समोर लोंबत होती आणि मी जिना उतरलो. उतरताना एवढंच दिसलं, की गेटवरचा मोतीराम लोखंडी फाटक ओढून आतून कडी घालत होता. भरदिवसा, गाड्या निघायच्या वेळेला. मला ते विचित्र वाटलं, आणि पुढच्याच क्षणी मी ते विसरलो.

खाली पोचलो तोवर ड्रायव्हर-क्लीनरांचं कडं बीदरच्या गाडीभोवती पडलं होतं. आसाराम टकले फुटबोर्डवर पाय ठेवून उभा होता. रुंद माणूस. आवाज असा, की इंजिन चालू असतानाही ऐकू यावा.

“उतर खाली.”

“दादा, मला भोंग्यावर बलावलेत,” आतला ड्रायव्हर म्हणाला. “मी मागून घेतलो नाही. बसलिंग म्हंतेत मला, औरादचा हाय. रिकामाच निघूलालो होतो घराकडं.”

“मग रिकामाच जा.”

“साहेबाला इचारा की. माझं काय चुकलं?”

“साहेबाला मागून इचारतो. आधी तुला उतरवतो.”

आसारामनं दरवाजा उघडला आणि बसलिंगचा पाय धरून त्याला ओढलं. स्टिअरिंगला धरलेला हात सुटला, आणि माणूस पाठीवर फुटबोर्डवर आणि तिथून जमिनीवर पडला. डोकं आपटल्याचा आवाज मी ऐकला. कुणीतरी त्याच्या बरगडीत लाथ घातली. तो कुशीवर वळला, तर दुसऱ्या बाजूनं दुसरी आली. एकानं गाडीच्या काचेवर दगड मारला. काचेचे बारीक खडे बसलिंगच्या तोंडावर, केसांत सांडले. तो एका हातानं डोळे झाकत होता आणि दुसऱ्या हातानं, काय सांगू, आपली निसटलेली चप्पल शोधत होता.

मी कडं फोडून आत घुसलो. “अहो, थांबा! त्याला कशाला मारता? गाडी मी लावली! प्लॅन माझा आहे!”

सगळे माझ्याकडं वळले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, कपाळाला बुक्का.

“हाच का तो लहानेसाहेब?” आसारामनं विचारलं.

“हो, पण मी अजून साहेब...”

चपराक कशी असते ते मला त्या दिवशी कळलं. दुखत नाही आधी. आधी सगळं पांढरं होतं. मग तोंडात काहीतरी टणक लागलं, आणि तो माझाच दात होता.

“आमची पोरं आठ-आठ दिस नंबर धरून बसतेत,” आसाराम ओरडला. “गाडीखाली सैंपाक करतेत, गाडीखाली निजतेत. अन् तू एक रेघ मारून आमचं भाडं बीदरला देतूस व्हय रे?”

त्याचं बोलणं संपायच्या आत मागून कुणी माझ्या गुडघ्याच्या लवणीत लाथ घातली. मी बसलिंगशेजारी पडलो. त्यानंतर कुणी मारलं ते सांगता येत नाही. पाठीत, पोटात, मांडीवर. धुळीचा आणि डिझेलचा वास. एकाची टाच माझ्या बोटांवर होती आणि तो ती मुद्दाम फिरवत होता. कुणीतरी पट्टा काढला होता. बक्कल कानाला लागलं आणि कान एकदम गरम झाला. माझ्या अंगावर बसलिंगचा हात पडला होता. तो मला झाकत होता की माझ्याआड लपत होता, मला कळलं नाही. बहुतेक त्यालाही नसेल.

श्वास आत जाईना. आता मरतो, असं मला अगदी स्वच्छ वाटलं.

अशा वेळी माणूस ‘आई गं’ म्हणतो. माझ्या तोंडून वेगळंच निघालं. लहानपणापासून गावच्या सप्त्यात कीर्तन उभं राहिलं की जयघोष द्यायचं काम माझं. आवाज खणखणीत म्हणून बुवा नेहमी मलाच खुणावायचे. बुवांचा अभंग, त्यावरचं निरूपण, मृदंगाची थाप, टाळांची उठलेली लाट, आणि मग माझा घोष. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची जागा. मरताना जीव बहुधा सुखाच्या जागेकडं पळत असावा. होता नव्हता तेवढा श्वास गोळा झाला आणि मी बोंब ठोकली.

“बोला, पुंडलिक वरदेऽऽ”

“हाऽऽरि विठ्ठल!”

अख्ख्या यार्डानं उत्तर दिलं. मारणाऱ्यांनीच. त्यांनी विचार केला नव्हता. पाळण्यात असल्यापासून कानावर पडलेली हाक आली आणि आतून उत्तर गेलं. लाथ मारायला उचललेला पाय खाली आला. पट्टा धरलेला हातसुद्धा वर गेला, पट्ट्यासकट. खाली पडल्या पडल्या मी वर बघितलं. डोक्यावर हातांचं रान उभं होतं, फक्त बसलिंगच्या मागं एक जागा मोकळी होती.

एक तरणा ड्रायव्हर खुदकन हसला आणि लगेच शरमला. आसाराम दोन्ही हात वर धरून डोळे फाडून माझ्याकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा राग तसाच होता, पण आतला माणूस जागेवर नव्हता.

मारामारी तिथंच संपली होती. हे मी आजही शपथेवर सांगेन.

पण त्याच क्षणात बसलिंग उठला. त्याला वाटलं असेल, फट मिळाली, निसटावं. दोन्ही हातांवर जोर देऊन तो गुडघ्यांवर आला, आणि कलिंगड दगडावर पडावं तसा ओला, जड आवाज झाला.

तो माझ्या छातीवर कोसळला. त्याचं रक्त माझ्या शर्टात गरम-गरम उतरलं. बाजूला एक टॉमी पडून खणखणली. चाकाचे नट फिरवायची लोखंडी पहार असते ना, ती.

“कुणी? कुणी मारलं रे?” आसारामचा आवाज फाटला. “मी थांबलो होतो ना! कोण हाय त्यो?”

कडं मागं-मागं सरकलं. आसारामनं डोक्याचा पिवळा गमजा सोडला, गुडघ्यावर बसून बसलिंगच्या डोक्याला आवळून बांधला. पिवळा रंग बघता बघता काळा झाला. त्यानं बसलिंगला लेकरासारखं हातांवर उचललं आणि फाटकाकडं धावला.

“फाटक उघड! मोत्या, फाटक उघड भाड्या!”

मोतीराम मागून पळत आला आणि त्यानं कडी काढली. बाहेर पोलिसांची गाडी उभी होती.

आसाराम रक्तानं भरलेला, हातांवर डोकं फुटलेला माणूस. त्याला तिथंच धरलं.

सरकारी दवाखान्यात माझ्या बरगड्यांना पट्टा बांधला. कानाला टाके पडले. सोनवणेसाहेब शहाळं घेऊन आले आणि खाटेच्या कडेवर बसले.

“लहाने, मानलं तुम्हाला,” ते म्हणाले. “नोकरी पक्की. बरे झालात की या. कंपनीची खोलीपण देतो. घरच्यांना घेऊन या.”

मला रडूच आलं. मी त्यांचा हात धरला. “साहेब, लई उपकार झाले.”

“उपकार कसले? फक्त फौजदारासमोर एवढं सांगायचं, की टॉमी टकलेनं मारली. तुम्ही शेजारीच होता. तुमच्यापेक्षा जवळून कुणी बघितलंय?”

“पण साहेब...”

“बीदरवाला वाचेल असं डॉक्टरांना वाटत नाही. कुणावर तरी जाणारच ते.” त्यांनी माझ्या पांघरुणाची घडी नीट केली. आईनं करावी तशी. “हा माणूस आत गेला की नंबर मोडला. नंबर मोडला की तुम्ही काढलेला तो सुंदर प्लॅन रोज चालेल. त्यानं तुमचा दात पाडलाय लहाने, तुम्ही कुणाची कीव करताय? नाहीतर मग बघा. या जिल्ह्यात कुठल्याही ट्रान्सपोर्टच्या दारात तुम्हाला कुणी उभं करणार नाही. तेवढी माझी ओळख आहे.”

ते गेल्यावर मी शहाळं प्यायलो. तहान लागली होती. तोंडात सगळं रक्ताच्या चवीचं होतं, पाणीसुद्धा.

खरं सांगायचं तर मी विचार केला. आसाराम काही संत नव्हता. त्यानं माणसाला पाय धरून ओढलं होतं. तिकडं इंदू, तिचं अवघडलेलं चालणं, ओसरीवर बसलेले सासरे. एकच वाक्य बोलायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला ठाण्यात नेलं. फौजदार घनवट म्हणून होते. डोळ्यांखाली काळं, टेबलावर अर्धी खाल्लेली भाकरी. बाकड्यावर आसाराम, अंगावर कालचाच शर्ट, रक्त वाळून कडक झालेला. भिंतीला टेकून सोनवणेसाहेब आणि त्यांच्यामागं मोतीराम.

“सांगा,” फौजदार म्हणाले. “याला ओळखता?”

“हो. यांनीच मला चपराक मारली. दात पाडला.”

“मारली व्हय मी,” आसाराम मान खाली घालून म्हणाला. “बीदरवाल्याला ओढलंबी मीच. ते लिहा. पण टॉमी...”

“तुला विचारलं नाही,” फौजदार खेकसले. मग माझ्याकडं वळून, “टॉमी यानंच मारली?”

भिंतीला टेकलेले सोनवणेसाहेब माझ्याकडं बघत होते. डोळ्यांत अगदी माया.

“नाही साहेब,” मी म्हणालो.

“बघितलं नाही, का यानं मारली नाही?”

“यांनी मारली नाही. यांचे दोन्ही हात वर होते.”

“म्हणजे?”

मी सांगितलं. कशी बोंब ठोकली, कसं उत्तर आलं. दाराजवळचा शिपाई हसला. फौजदारांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो बाहेरच गेला.

“मार खाताना तुम्ही जयघोष दिला.”

“दिला नाही साहेब, निघाला.”

“आणि सगळ्यांनी हात वर केले.”

“सगळ्यांनी नाही,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच लांबून येत होता. “हा मोतीराम कड्याच्या आत, बसलिंगच्या मागं होता. याचे हात खाली होते.”

“का बरं? याला देवाचं वावडं?”

“तसं नाही साहेब. याचे हात मोकळे नव्हते. टॉमी होती हातात.”

सोनवणेसाहेब मोठ्यानं हसले. “याच्या डोक्याला मार लागलाय हो. मोतीराम गेटवर होता. गेटवरचा माणूस आत कशाला येईल?”

“गेटला कडी कुणी घातली होती?” फौजदारांनी विचारलं.

“मोतीरामनं,” मी म्हणालो. “भांडण सुरू व्हायच्या आधी. मी जिना उतरत होतो तेव्हा.”

फौजदारांनी भाकरीवर कागद नीट झाकला. मग हळूच म्हणाले, “सोनवणे, एक सांगा. काल तुमचा फोन आला, टकलेनं एका ड्रायव्हरचं डोकं फोडलं म्हणून. मी निघालो. वाटेत रेल्वेचं फाटक पडलेलं, मालगाडी जाईस्तोवर थांबलो. एवढं होऊन तुमच्या दारात आलो, तर आतून सगळे एका सुरात ‘हाऽरि विठ्ठल’ म्हणताना मी माझ्या कानांनी ऐकलं. मला वाटलं आत सप्ता बसलाय. डोकं त्यानंतर फुटलं. मग फोन आधी कसा आला?”

उत्तर मोतीरामनं दिलं. “साहेबांनी सांगितलं व्हतं, फकस्त रक्त काढ. लई जोरात मारू नको म्हणले व्हते. त्यो मधीच उठला. मी खांद्यावर मारीत व्हतो, त्यो मधीच उठला.”

फळ्यावरची गणितं, माझं नाव भोंग्यावर, ‘डोकं चांगलं आहे’, सगळं मला एकदम दिसलं. त्यांना प्लॅनर नको होताच. त्यांना त्या सकाळी एक भांडण हवं होतं, आणि भांडणाला एक नाव.

मी उठलो तसा आसारामही उठला. शिपायानं त्याच्या दंडाला धरलं. त्यानं माझ्या सुजलेल्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाला, “दवाखान्यात त्या बीदरवाल्यापशी कुनी हाय का?”

“नाही,” मी म्हणालो. “मी चाललोय.”

बसलिंग वाचला. औरादहून त्याचा भाऊ येईपर्यंत मी त्याच्या उशाशी बसून होतो. त्याला अभंगातलं फारसं कळायचं नाही, तरी मी हळू आवाजात म्हणत बसायचो. बोलायला त्याला पुन्हा शिकावं लागलं, आणि गाडी त्यानं परत कधी चालवली नाही. आसारामला मारहाणीची शिक्षा झाली, ती त्यानं भोगली. मोतीरामवर आणि सोनवणेंवर खटला झाला, पण सोनवणेंनी माझ्याबाबतीत दिलेला शब्द पाळला. त्या जिल्ह्यात कुठल्याही ट्रान्सपोर्टच्या दारात मला पुढं कुणी उभं केलं नाही.

बसलिंगचा भाऊ आला त्याच दुपारी मी परतूरची एसटी धरली. सासरे ओसरीवरच होते. माझा कान, तोंड, छातीचा पट्टा बघून ते उभे राहिले.

“हे काय जावईबापू? मुलाखतीला गेलता ना?”

“हो मामा.”

“मग? लागली का नोकरी?”

“नाही.”

“मग कशाला आलात?”

“इंदूला न्यायला.”

एवढ्या वर्षांत मी त्यांच्यासमोर विनंती केली होती, ऐकून घेतलं होतं. सांगितलं कधीच नव्हतं.

इंदू आतून आली. पोटावर हात, कपाळावर घाम. तिनं काही न विचारता माझी हनुवटी धरली, तोंड उघडायला लावलं आणि दाताची रिकामी जागा बघितली.

“कुणी मारलं?”

“आसाराम टकले म्हणून आहेत,” मी म्हणालो. “माणूस वाईट नाही.”

तिनं माझी हनुवटी सोडली. मग वडलांना म्हणाली, “बाबा, एसटी किती वाजता हाय परतीची?”